वजनाआधीचा नाश्ता

कलिंगडाच्या फोडींनी भरलेली भली मोठी परात सांभाळत ती पोहण्याच्या तलावाकडे निघाली होती. मुलींचा सराव सुटायच्या आत पोचायचं होतं. दुपारचं ऊन नुसतं रणरणत होतं... आणि अशा उन्हात समोरून एक मुलगा धावत आला. अंगात जाड प्लास्टिकचा रेनकोट, डोक्याला लोकरीची टोपी! आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि हा बाबा रेनकोट घालून पळतोय. तिला आधी हसू फुटलं. मग त्याचे भेगाळलेले ओठ दिसले, तशी कीव आली.

"घे एक फोड," ती म्हणाली.

तो थांबला. परातीकडे त्याने अशा नजरेने पाहिलं, की तिलाच उगीच लाजल्यासारखं झालं. मग त्याने एक फोड उचलली, डोळे मिटून चावली, पुन्हा चावली... आणि बाजूच्या झुडपात चक्क थुंकून टाकली.

"अरे! थुंकलास?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सकाळपासून कापत बसलेय मी! नको होतं तर सांगायचं ना!"

"नको नव्हतं," तो धापा टाकत म्हणाला. "फार हवं होतं... म्हणून तर –" आणि वाक्य तसंच अर्धं टाकून पळाला की!

आता गंमत बघा. ही क्रीडा-आहारशास्त्राची विद्यार्थिनी. उन्हाळाभर या प्रशिक्षण केंद्राच्या भोजनगृहात उमेदवारी करायची, शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायचं, त्याशिवाय पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. "लोकांना वाढायलाच शिकायचं, तर कॉलेज कशाला हवं?" असं वडील म्हणाले, तेव्हा ही बॅग भरून तरातरा निघून आली होती. पण भुकेलेला माणूस तोंडातला घास का थुंकतो, ते काही हिला कुणी शिकवलं नव्हतं.

ते सांगितलं केंद्राच्या आहारतज्ज्ञ बाईंनी. "बॉक्सर आहे तो. डावखुरा, म्हणून सगळे डावऱ्या म्हणतात. कोचसरांना तो खालच्या वजनगटात खेळायला हवाय. मग घाम गाळायचा, पाणी तोडायचं, म्हणजे प्यायचंच नाही, नुसती चव घ्यायची आणि थुंकायचं. इथे सगळे तेच करतात."

"आणि आपण काय करतो?"

"आपण कलिंगड कापतो," बाई थंडपणे म्हणाल्या. "हे बघ, तू उन्हाळ्यापुरती पाहुणी. तोंडाला कुलूप घाल आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जा."

कुलूप, आणि हिच्या तोंडाला! बाईंनी अजून हिला ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वाढपाच्या खिडकीशी आला, रिकामं ताट छातीशी धरून.

"काल माफी मागायची राहिली, कॅलरी."

"माझं नाव कॅलरी नाही."

"माहितीये. पण जे जे मला आवडतं ते सगळं मला बंद असतं... म्हणून म्हटलं."

तिचे कान तापले. पण हातातला डाव तिने सोडला नाही. "ताट पुढे कर," ती म्हणाली. "आणि आज थुंकलास तर याच डावाने बडवीन."

तो हसला. हसताना भेगाळलेला ओठ दुखला असावा, कारण त्याने पटकन तिथे बोट लावलं... आणि ती वेडी त्या बोटाकडेच बघत राहिली.

मग रोजचंच झालं. सगळे जेवून गेले की तो यायचा आणि ती समोर बसायची. सरावाआधी काय, सरावानंतर काय, पाणी कधी आणि किती, सगळं ती त्याला इत्थंभूत समजावायची. तो ऐकतोय की नुसता तिच्याकडे बघतोय, याची तिला शंका यायची.

"मी काय म्हणाले आत्ता?"

"सरावानंतर अंडी. आणि तुझ्या कपाळावर पीठ लागलंय."

"कुठे?"

"राहू दे ना... छान दिसतंय."

हळूहळू त्याच्या अंगावर मांस चढलं. गाल भरले, डोळ्यांत तेज आलं. एक दिवस तो सरावावरून थेट खिडकीशी धावत आला. "कॅलरी, आज शेवटच्या फेरीतही माझे पाय माझेच होते! दर वेळी कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात!" त्याने आनंदाच्या भरात तिचा हात धरला. मग दोघांच्याही ते लक्षात आलं आणि सोडायचा कुणी, हे काही ठरेना.

पण अंगावर चढलेलं मांस वजनकाट्यापासून लपतं होय? संघाची निवड तोंडावर आली, कोचसरांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा पारा चढला. पुन्हा रेनकोट आला, पुन्हा पाणी तुटलं. निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी तो तिला वाफेच्या खोलीबाहेरच्या जिन्यात दिसला. भिंतीला टेकून बसलेला, पोटऱ्यांत गोळे आलेले, ओठ पांढरेफटक.

"एक घोट घे." तिने साखरमिठाच्या पाण्याचा पेला पुढे केला.

"नको... सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"जाऊ दे ना मग! तू तरी राहशील!" ती ओरडली. ओरडताना आपण रडतोय, हे तिला उशिराच कळलं. "अरे, मला तू हवायस. वजन नकोय मला तुझं!"

त्याने पेला घेतला नाही. ती पेला तिथेच ठेवून उठली आणि तडक सरावाच्या हॉलमध्ये घुसली. सगळी मुलं बघत होती. कोपऱ्यात बाईही होत्या.

"सर, त्याला पाणी प्यायला सांगा. आजच्या आज."

कोचसरांनी वळून पाहिलं. "तू कोण गं?"

"विद्यार्थिनी."

"मग शीक. आम्ही सगळे असेच वजन उतरवत आलो. मेलो का?"

"मेला नाहीत, म्हणून ते बरोबर होतं असं कुठे आहे? तो वरच्या गटाचा मुलगा आहे, सर. त्याच्या अंगातलं पाणी काढून तुम्ही त्याला खालच्या गटात कोंबताय."

"वरच्या गटात पहाडासारखा गडी बसलाय. तिथे हा हरेल."

"हरू दे. हरणं हा काही आजार नाही. हे जे जिन्यात चाललंय ना, तो आजार आहे!"

"उद्यापासून येऊ नकोस," कोचसर म्हणाले. "आणि प्रमाणपत्र विसर."

तिने एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. वडिलांना काय सांगायचं ते वाटेत ठरवू.

सकाळी ती एप्रन परत द्यायला आली, तर भोजनगृहात डावऱ्या एकटाच बसलेला. पुढ्यात रिकामं ताट. पलीकडच्या बाकांवर बाकीचे बॉक्सर कोरड्या तोंडांनी वजनाची वेळ व्हायची वाट बघत होते.

"वाढ," तो म्हणाला.

"वेड लागलंय? आत्ता खाल्लंस तर खालचा गट गेला."

"तेच तर सांगतोय. वाढ."

"माझ्यासाठी म्हणून खाणार असशील, तर घासभरही वाढणार नाही."

"छे! भूक लागलीये म्हणून खातोय." त्याने नजर वर केली. "तुझ्यासाठीचं वेगळं आहे. ते नंतर सांगेन."

तिने वाढलं. पाव, केळी, मध. तेवढ्यात आतून बाई आल्या. त्यांनी त्याच्या ताटात गरम अंडी ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. तो सावकाश, चवीचवीने जेवू लागला. दारात कोचसर उभे होते.

"हे काय चाललंय?"

"नाश्ता, सर."

"आणि वजन?"

"जे आहे ते माझं आहे, सर. वरच्या गटात खेळतो."

"तो पहाड तुला फोडून काढेल!"

"काढू दे. पण उभ्या माणसाला फोडावं लागेल त्याला."

आणि खरंच उभा राहिला हो पठ्ठ्या! शेवटच्या घंटेपर्यंत त्या पहाडाशी भिडला. ओठ फुटला, डोळा सुजला, पण गुडघा काही टेकला नाही. हरला. गुणांवर हरला, अगदी थोडक्यात. पहाडाने स्वतः त्याचा हात वर केला आणि कोचसर आत निघून गेले.

दुपारी दोघं केंद्राबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. त्याला संघात जागा नव्हती आणि तिला प्रमाणपत्र नव्हतं. तिने बर्फाचा रुमाल त्याच्या डोळ्यावर धरला होता.

"हरलो," तो म्हणाला.

"दिसलं मला. शेवटी डावा हात खाली का आणलास? इतका राग आला ना!"

"तुझं काय आता?"

"दुसरं केंद्र शोधेन. तिथूनही काढलं तर तिसरं. पण गप्प बसायचं काही शिकणार नाही." तिने रुमाल बाजूला केला. "आणि ऐक... मला तू आवडतोस. कुणाला विचारून सांगत नाहीये."

तो सुजल्या डोळ्याने तिच्याकडे बघतच राहिला. "मला पण –"

"मला पण काय? अर्ध्यावर टाकून पळायचं नाही. पूर्ण बोल."

"बोलताना ओठ दुखतो गं..."

"दुखू दे."

मग तो बोलला. पूर्ण बोलला, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. ओठातून पुन्हा रक्त आलं, तरी थांबला नाही. आणि तिनेही त्याला थांबवलं नाही.