पाण्यातली इमेल्डा

काचेपलीकडे यंत्र सईच्या वतीने श्वास घेत होतं. अलीकडे, कोलंबस शहराच्या त्या इस्पितळातल्या प्रतीक्षाखोलीत, तिची आई वीणा, वडील अनुप आणि त्यांच्या ओळखीची अहिल्या एका रिकाम्या मखमली डबीकडे पाहत होते.

डबीत कालपर्यंत इमेल्डा होती. चौदाव्या शतकातल्या, बोलोन्याच्या मठातल्या त्या मुलीचा अस्थिकण, नाण्याएवढ्या काचबंद चांदीच्या पदकात. पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, जिभेवर येताच ती आनंदाने गेली, असं श्रद्धावंत सांगतात. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सईही अकराचीच, तिची लाडकी संत हीच. आता मेंदूज्वराने सई बेशुद्ध होती. यंत्र काढण्याविषयी डॉक्टर आज बोलणार होते. त्याआधी पदक लेकीच्या कपाळाला टेकवायचं, एवढीच वीणाची आशा उरली होती.

मध्ययुगीन बालसंतांवर संशोधन करणाऱ्या अहिल्याने ते शहरालगतच्या डब्लिन गावातल्या चर्चमधून मिळवून दिलं होतं. म्हणून सकाळी वीणाने तिलाच बोलावलं.

फादर काल पदक ठेवून, प्रार्थना करून गेले, ते परतले नव्हते. नर्सने सांगितलं, त्यानंतर आत गेले ते फक्त आईवडील. वीणाचा पहाटे डोळा लागला. जागी झाली तेव्हा डबी रिकामी होती.

"तू शेवटचं कधी पाहिलंस, अनुप?" वीणाने विचारलं.

"काल. काच पक्की बसवलीय का, असं तुला विचारलं होतं, तेव्हा."

त्याने कोणी न सांगताच खिसे उलटे करून दाखवले. मग उठला, कूलरमधून कागदी पेल्यात पाणी घेऊन प्यायला. रुंद तोंडाची स्टीलची बाटली त्याच्या काखेत होती. बसल्यावर ती त्याने मांडीवर घेतली, तेव्हा आत पाणी डुचमळलं.

"आनंदाने मेलेली पोरगी माझ्या पोरीला काय वाचवणार? सगळा ड्रामा आहे यार."

"तूच फेकलंस," वीणा म्हणाली.

"फेकलं नाही."

अहिल्या त्याच्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज उतरला होता.

"बाटली भरलेली आहे, अनुप. मग कूलरचं पाणी कशाला?"

त्याने बाटली आणखी जवळ ओढली.

"मी आल्यापासून ती तू खाली टेकवली नाहीस. शेजारच्या खुर्चीवरसुद्धा नाही. आणि काच पक्की आहे का, याच्याशी चोराला काय देणंघेणं? आत पाणी शिरेल ही भीती असेल, तोच ते विचारतो. तू चोरी केली नाहीस. तू देव पाण्यात घातलास."

वीणा वसईची, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. तरी शेजारच्या घरांतली ही रीत तिने पाहिली होती: संकट टळेपर्यंत देव पाण्यात. टळल्यावरच बाहेर.

"मला टायफॉइड झाला तेव्हा आईने सगळे देव घागरीत घातले होते," अनुप म्हणाला. "मोठा झाल्यावर मी तिला हसायचो." त्याने बाटलीच्या झाकणावर हात ठेवला. "माझ्याकडे देवच नव्हता गं एकही. म्हणून सईचा घेतला."

त्याने झाकण फिरवलं. तळाशी चांदी चमकली. काचेआड धुकं दाटलं होतं. पाणी शिरलंच होतं. कागदी पट्टीवरचं लॅटिन नाव, शतकं ओलांडून आलेलं, हळूहळू शाईत परत विरघळत होतं.

दार उघडलं. डॉक्टरांनी हलकेच आत यायची खूण केली.

पदक काढलं, तर अनुपचं साकडं अर्ध्यावर मोडणार होतं. ठेवलं, तर सईचं कपाळ पदकाच्या स्पर्शावाचून कोरडं राहणार होतं.

"वीणा," अहिल्याने विचारलं, "काढू का बाहेर?"

वीणाने बाटलीत हात घातला. बोटं पदकापर्यंत पोचली, थांबली. मग तिने हात वर घेतला, रिकामा, ओला. एकही थेंब सांडू नये अशी मूठ मिटली, आणि ते पाणी सईच्या कपाळाला लावायला आत चालू लागली.