पिंकीच्या कांजिण्या

"थांबा! हिला आज वर्गात घेणार नाही."

मी शाळेच्या गेटमध्ये आडवी उभी राहिले. समोर स्कूटरवर एक तरुण, आणि त्याच्या पाठीला चिकटलेली माझ्या वर्गातली पिंकी. कपाळावर, मानेवर पाण्याने भरलेले टपोरे फोड.

"डास चावलेत मॅडम..."

"कांजिण्या आहेत या."

तो ओशाळला. "मी हिचा मामा, धम्मदीप. भाऊजी दुबईला, आईचं ऑपरेशन म्हणून ताई नांदेडला. ऑफिसात सुट्टी देत नाहीत. आजच्या दिवस घ्या ना, प्लीज!"

"नक्को. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. माझ्या वर्गातली तन्वी किडनीची औषधं घेते, त्यांनी प्रतिकारशक्ती घटते. तिला लागण झाली तर जिवावर बेतेल."

तो चिडून निघाला. पण वळणावर... स्कूटरच्या आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलंच.

संध्याकाळी त्याचा फोन. "तेजश्री मॅडम, हिची खाज थांबेना. काय करू?"

"नखं कापा. कोमट पाण्याने अंघोळ घाला."

"तुम्हाला झाल्या होत्या कांजिण्या?"

"लहानपणी."

"मग भीती कसली? बघायला या की... पेशंटला!"

मी हैदराबादच्या चिक्कडपल्ली बाजारातून मोसंबी घेऊन गेले. पिंकीने मामाच्या गालांवरही गुलाबी लोशनचे ठिपके काढले होते. "हसू नका," तो म्हणाला. मी रुमाल पुढे केला — आणि तो घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी कारणही शोधलं नाही.

मग वर्गात आणखी काही मुलांच्या अंगावर फोड उठले. गॅदरिंग तोंडावर आलेलं. प्रिन्सिपल म्हणाल्या, "पावडर लावून नाचवा. पाहुणे येणार आहेत."

"नाही नाचवणार."

"मग उद्यापासून येऊ नका."

गॅदरिंगच्या सकाळी मी गेलेच. गेटबाहेर, रस्त्यावर उभी राहून प्रत्येक आईबापाला वर्गात कांजिण्या पसरल्याचं सांगत होते. काही जण ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. तेवढ्यात शेजारी स्कूटर थांबली.

"हिने माझ्या भाचीला परत पाठवलं तेव्हा मी पण भडकलो होतो," धम्मदीप सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हिचंच खरं होतं. चला, पोरांना घरी न्या!"

एक आई वळली. मग दुसरी. दुपारपर्यंत गॅदरिंग पुढे ढकललं गेलं. तन्वी ठणठणीत राहिली. माझी नोकरी मात्र गेली ती गेलीच.

"पश्चात्ताप होतो?" अंबरपेठेत माझ्या घरापाशी सोडताना त्याने विचारलं.

"मुळीच नाही. आणि तू सगळ्यांसमोर मला 'हिने' म्हणालास."

"चुकलं?"

"उलट... चहाला चल. बाबा घरी आहेत."

तो गंभीर झाला. "तेजू, माझं नाव ऐकलं की त्यांना माझी जात कळेल. आज नको. पुढे कधीतरी..."

मी त्याचा हात धरला, जिना चढले आणि बेल दाबली. दार बाबांनीच उघडलं. धरलेला हात मी सोडला नाही.

"बाबा, हा धम्मदीप. मी याच्याशी लग्न करणार आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे. "खरं का हे?"

"हौ अंकल," धम्मदीपने माझी बोटं घट्ट धरली. "मला पण आत्ताच कळलं. पण... एकदम खरं आहे."