दारातली हिरवी चौकट

पीठ, चहापत्ती आणि आईसाठी डब्यातलं मांस, एवढंच घ्यायला आम्ही मायलेकी वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीच्या दुकानात निघालो होतो. भर दुपार. कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीतून हलत नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तिचा हात माझ्या हातात. आमच्यातल्या कुळाच्या नावानं सगळे तिला नांगाला म्हणतात, आणि नांगालाच्या मुली म्हणून आम्ही दोघी बहिणी नापालजारी. कागदोपत्री मी लोर्ना. धाकटी शहरातल्या इस्पितळात किडनीच्या यंत्राला जोडलेली होती, तिथेच गेली. तिचं नाव मी घेणार नाही. तुम्हीही विचारू नका.

आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव बंद. बोलायचं नाही, लिहायचं नाही. फोटो जाळायचे, घराला हिरव्या पाल्याची धुरी द्यायची, वाळूतली त्याची पावलं फांद्यांनी झाडून टाकायची. का, तर जीव मोकळा व्हावा. नाव ऐकलं की तो थांबतो, मागे वळतो, आणि एकदा वळला की मग त्याला वाट सापडत नाही. धाकटीसाठी आम्ही सगळं केलं. दुकानालाही धुरी दिली. दुकानाचा मॅनेजर ट्रेंट खोकून खोकून बेजार झाला, पण तेव्हा गप्प बसला.

आता या दुकानाच्या दारात धाकटी असतानाच एका कंपनीनं कॅमेरा बसवला होता, सगळ्या वस्तीचे चेहरे नि नावं त्यात भरून. चोऱ्या होतात म्हणे! या गोऱ्यांनी आमचा देश घशात घातला तेव्हा कुठे गेला होता यांचा कॅमेरा? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आत पाऊल टाकलं की वरच्या पडद्यावर तुमच्या तोंडाभोवती हिरवी चौकट यायची, खाली नाव, आणि एक गोड गोड बाईचा आवाज ते नाव घेऊन स्वागत करायचा. मग तुम्ही कुठल्याही फळीपाशी जा, चौकट मागे मागे. घरच्या सुनेवरसुद्धा कुणी इतकी नजर ठेवत नाही.

त्या दुपारी आम्ही आत गेलो. माझ्याभोवती चौकट आली. आईभोवती आली. आणि आईच्या डाव्या हाताला, मोकळ्या हवेत, तिसरी चौकट उघडली.

धाकटीच्या उंचीला.

त्या गोड आवाजानं तिचं नाव घेतलं. स्पष्ट, हसत हसत.

आईला दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. ती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. "गेली नाही गं... अजून गेली नाही माझी पोर..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गल्ल्यावर हात आपटला. "मेल्या ट्रेंट, बंद कर ते!"

"शांत हो, लोर्ना," तो म्हणाला. "चुकतं कधी कधी ते यंत्र. परवा दूध-पावडरच्या डब्यावरच्या बाळाला चौकट काढली त्यानं."

"इथे कुठाय डबा? दाखव मला!"

त्यानं वर पाहिलं. चौकट आईजवळून निघाली होती. बिस्किटांच्या फळीपाशी थांबली, पुढे सरकली, पुन्हा आईकडे आली. त्या जागी होती फक्त थंड हवा आणि ओल्या पाल्याच्या धुराचा वास. धुरी देऊन महिना उलटला होता. ट्रेंटचा चेहरा उतरला. त्यानं कंपनीला फोन लावला, कारण चेहरे पुसणं तिकडूनच होतं. पलीकडच्यानं नाव विचारलं. ट्रेंटनं तोंड उघडलं, तोच मी त्याच्या तोंडावर हात दाबला.

"अगं, मग लिहून पाठवतो."

"लिहायचंही नाही! आम्ही झाडलेली पावलं तू परत उमटवणार होय रे?"

पलीकडचा वैतागला. नाव नाही तर फोटो धरा कॅमेऱ्यासमोर, म्हणाला, जो चेहरा जुळेल तो पुसतो. फोटो कुठून आणू? सगळे जाळलेले. आई जमिनीवर विव्हळत होती, आणि तो तिकडे थंड हवेत बसून आम्हाला शहाणपण शिकवत होता. माझी तार सटकली. मी कॅमेऱ्यापुढे गेले आणि माझं तोंड वर केलं.

"हे घे! माझ्यासारखीच दिसायची ती. सगळे फसायचे. पूस हे तोंड!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं केलं मी. पण तेव्हा तिसरी चौकट विझली, आई गप्प झाली, आणि मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आईला घेऊन गेले. खरं तर ट्रेंटला नाक वर करून दाखवायलाच गेले. दारात पाऊल टाकलं. हिरवी चौकट माझ्याच तोंडाभोवती बसली, आणि त्या गोड आवाजानं मला हाक मारली.

धाकटीच्या नावानं.

माझ्या हातातला आईचा हात गार पडला. मी वर पाहिलं. आईच्या डाव्या बाजूला मोकळ्या हवेत दुसरी चौकट होती. तिच्याखाली लिहिलं होतं, लोर्ना. आवाज म्हणाला, "स्वागत आहे, लोर्ना." पण ते माझ्यासाठी नव्हतं...

"ट्रेंट!" मी किंचाळले. त्यानं वायरच उपटली. पडदा काळा झाला. "कंपनीला सांगतो," तो पुटपुटला, "ते... ते दुरुस्त करतील." माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

मी आईला ओढतच बाहेर आणलं. उन्हात आल्यावर तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. अगदी मायेनं.

"जा आता, पोरी," ती हळूच म्हणाली. "किती दिवस अशी अडकून राहशील? माझी काळजी नको करू. मला लोर्ना नेते घरी."

"आई, अगं मीच लोर्ना! माझा आवाज ओळखत नाहीस होय?"

"तुमचा आवाज सारखाच होता गं." तिनं उजव्या हातानं कान झाकला. डावा हात तिनं बाजूला धरला होता, थोडा वर, बोटं मिटलेली. आईला माझ्याशिवाय दुकानाची पायरीसुद्धा उतरता येत नाही. त्या दिवशी ती पायऱ्या उतरली, दगड चुकवत, टाकीला वळसा घालून, रस्त्यावरच्या गाडीला थांबून वाट देऊन थेट घरापर्यंत गेली. मी मागून ओरडत होते. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.