घरटी एक माणूस

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. उलट मला बरंच वाटेल. पण यातली रुचिता माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि हे सगळं तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

गावाचं नाव लिहीत नाही. अलिबागहून रेवसकडे जाताना खाडीकाठी खारेपाटातली गावं लागतात, त्यातलंच एक. गाव आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध.

दिवस यंदाच्या मे महिन्यातला, अमावस्येच्या आदला. वेळ दुपारी साडेबाराची.

हो, दुपारची. असलं काही रात्रीच घडतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?

पंचायतीने गावाची पाहणी काढली होती. गावाला काय हवं, काय नको, लोक एकमेकांना धरून आहेत का, असे तेवीस प्रश्न. घरोघर फिरायचं काम बचत गटाच्या रुचिताकडे आलं. पावसाळ्याआधी बांधाच्या दुरुस्तीला मंजुरी हवी होती, आणि एक जरी घर सुटलं तरी यादी परत येणार होती. रुचिताने चार दिवसांत एकशे अकरा घरं उरकली.

उरलं एकशे बारावं. जुन्या यादीत नाव होतं... धर्मा पाटील, बांधाचं टोक.

"ते घर र्‍हाऊ दे गो," सासरे सकाळीच म्हणाले होते. दिनानाथ म्हात्रे. गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"का बाबा?"

"थय कोन न्हाय. मसळ्याला गेली ती मानसं."

रुचिताला वाटलं, असेल जुनी भांडणं. गेली असतील तर 'स्थलांतरित' म्हणून लिहायला तरी बघून यायला हवं. ती छत्री घेऊन निघाली.

बांधावर चिटपाखरू नव्हतं. भरती चढत होती, पण पाण्याचा आवाज नव्हता.

मग घर दिसलं. कौलारू. अंगण नुकतंच सारवलेलं... ओलं.

दारात एक बाई बसली होती. पन्नाशीची. केस ओले, पाठीवर मोकळे.

"ये. बस," बाई म्हणाली. "आमच्याकडं कोन येतच न्हाय."

रुचिता ओटीवर बसली. बूड गार पडलं. मे महिन्यातली ओटी, आणि इतकी गार.

"नाव?"

"सत्यवती."

"घरात माणसं किती?"

"चार. आमचा मालक धर्मा, मी, पोरगा निकेत, त्याची बायको मृणाली."

"आता कुठे आहेत सगळे?"

"आत हायती."

आत काळोख होता. ना भांड्याचा आवाज, ना पंख्याचा, ना कोणाच्या खोकल्याचा.

रुचिता भराभर लिहीत गेली. सतरावा प्रश्न आला. अडचणीच्या वेळी गाव तुमच्या मदतीला येतं का?

बाईने खाडीकडे मान वळवली.

"होय का नाही, एवढंच सांगा."

"हाका मारल्या," बाई हळूच म्हणाली. "लय मारल्या. गल्याची शीर तुटेपरेंत."

"मग?"

"गावात वाजत व्हतं."

रुचिताला काही कळलं नाही. तिने 'नाही'वर खूण केली. शेवटचा प्रश्न विचारला. तुमची सगळ्यात मोठी गरज कोणती? तिला वाटलं, नळ म्हणेल, नाहीतर लाईट.

"घरटी एक मानूस."

ही त्या गावांची जुनी रीत. उधाणाने बांध फुटला, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड गेली, की हाळी द्यायची. मग प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन धावतो. जो येत नाही त्याच्या घरी गाव पाणी पीत नाही. रुचिताने जसंच्या तसं लिहिलं.

बाईने कागदावर अंगठा टेकवला. शाई नव्हती, नुसतं पाणी.

"तू कुनाची सून गो?"

"दिनानाथ म्हात्र्यांची."

बाई पहिल्यांदाच हसली.

"मंग पयला तुमचाच घर."

घरी आल्यावर रुचिताने फॉर्म सासऱ्यांपुढे ठेवला. "कोण म्हणतं मसळ्याला गेलीत? चौघंही घरातच आहेत. मी ओटीवर बसून आले."

दिनानाथांनी कागदाला हात लावला आणि चटका बसल्यागत मागे घेतला. कागद अजून ओला होता.

"थय वटी न्हाय," ते म्हणाले. "घरच न्हाय. नुसती खांड हाय."

मग सहा वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं.

केतनची हळद होती. केतन म्हणजे रुचिताचा नवरा. म्हणजे तिच्याच लग्नाची हळद, नवऱ्याकडची. मांडवात सगळं गाव, डीजे दणाणत होता. मध्यरात्री उधाणाने बांध फुटला. धर्माच्या घरातून हाळी आली. "खांड गेलीऽऽ..."

मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्यांनी ती ऐकली. दिनानाथांनीही ऐकली.

हाळी मांडवात पोचली तर सगळं गाव बांधावर धावणार, आणि ती चार माणसं बुडालेली निघाली तर सुतक. लग्न पुढे ढकलावं लागेल, आणि मुलीकडचे काय म्हणतील? ते डीजेवाल्याला म्हणाले, "वाढव रे."

सकाळी घराच्या जागी पाणी होतं. गावाने एकमेकांच्या डोळ्यांत न बघता ठरवलं... माणसं मसळ्याला गेली. कोणी विचारायला आलं नाही.

रुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. केतन जमिनीकडे बघत होता. ज्या लग्नाचे फोटो भिंतीवर लावलेत ते असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. दुपारी पाणी चढायच्या वेळेला दिनानाथ जेवत होते. हातातला घास थांबला.

"ऐकला?"

कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

ते उठले. हात धुतला. कोपऱ्यातलं फावडं घेतलं. केतन आडवा गेला तर त्याला ढकलून म्हणाले, "मी न्हाय गेलो तं तुला बोलावतील. घरटी एक. मना जाऊ दे."

ते परत आले नाहीत. फावडं खांडीच्या कडेला चिखलात उभं होतं. आणि खांड, सहा वर्षांत कोणी न बुजवलेली खांड... एका माणसाएवढी बुजली होती.

रुचिता रडली, पण तिला सुटल्यासारखंही वाटलं. तसं वाटल्याची तिला अजून लाज वाटते. घरातला एक गेला, आपला वाटा संपला, केतन वाचला असं तिने धरलं.

मग पौर्णिमा आली. पुन्हा तीच दुपार.

केतन ताटावरून उठला आणि दाराकडे बघून म्हणाला... "आलो."

शेजारच्या चौघांनी धावत येऊन त्याला खाली दाबून धरलं. दाराची चौकट त्याने नखांनी ओरबाडली. पाणी ओसरलं तेव्हा शुद्धीवर आला. आपण काय केलं ते त्याला आठवत नव्हतं.

एकदा दिलं की पुन्हा का? रुचिताने रात्रभर फॉर्मच्या प्रती चाळल्या. आणि तिला सापडलं. तिच्याच अक्षरात.

दोन नळ मिळावेत म्हणून तिने एका घराच्या दोन चुली दाखवल्या होत्या. सासऱ्यांचं घर वेगळं, केतनचं वेगळं. गावात निम्म्यांनी हेच केलं होतं, त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

ती सकाळीच पंचायतीत धावली. एक घर खोडा म्हणून पाया पडली. ग्रामसेवक म्हणाले, यादी वर गेली, आता काही बदलता येत नाही.

येती अमावस्या चार दिवसांवर आहे.

काल तिचा फोन आला होता. आवाज अगदी शांत. केतनला इकडे माझ्याकडे आणू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, गावाबाहेर नेऊन बघितलं, पेणला नेलं तरी त्याला ऐकू येतं.

मग तिने उठून दार लोटल्याचा आवाज आला.

"एक विचारू का गं?" ती म्हणाली. "घरटी एक माणूस म्हणतात ना... बाई चालत असेल का?"

मी तिला वेड्यासारखं बोलू नकोस म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मला झोप नाही. कारण मी तिला 'नाही चालत' असं म्हटलंच नाही.