अडून बसलेला संदेशफळा

केतकीच्या संदेशफळ्याचा फोन पुन्हा एंगेज लागत होता, आणि फळ्यावर तर कोणीच नव्हतं! आता तुम्हीच सांगा, रिकाम्या घराचं दार आतून कोण लावून घेईल?

ही सन २०४७ मधली गोष्ट. गगनजाल नावाच्या बड्या कंपनीने "तुमच्याकडे गिऱ्हाईकं फार थोडी" म्हणत खाडीवरचा टॉवर खुशाल बंद केला. सगळ्या वाड्या मुक्या झाल्या. संताप येईल नाहीतर काय! तेव्हा केतकीच्या आबांनी, म्हणजे तिच्या संगणकशास्त्रज्ञ आजोबांनी, अगदी सुरुवातीच्या काळातले घरगुती संगणक दुरुस्त करून वाड्यावाड्यांत दिले आणि टेलिफोनच्या जुन्या तारा जोडल्या. घरच्याच एका संगणकावर चालणाऱ्या संदेशफळ्याचा प्रोग्रॅम मात्र केतकीने स्वतः लिहिला. फळ्याला फोन लावायचा, आलेले निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि निघायचं. तार एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच.

पण फळा सारखा अडायचा. लोक इतके वैतागले होते की आज संध्याकाळच्या सभेत तो मोडीत काढायचं ठरणार होतं.

"लोकांनाच अक्कल नाही!" केतकी कडाडली. "निघताना 'जातो' किंवा 'जाते' एवढंच टाइप करायचं. ते आलं की प्रोग्रॅम फोन ठेवतो. तेवढंही होत नाही यांच्याने!"

"शेवटचं कोण आलं होतं?" आबांनी विचारलं.

"खाडीपलीकडच्या सुलभाकाकू."

"मग चल, त्यांनाच विचारू."

दोघं होडीने पलीकडे गेली. प्रश्न ऐकताच काकू उसळल्या. "जाते लिहू? माझा नंदू भर समुद्रात, बोटीवर, आणि मी दिवेलागणीला 'जाते' म्हणू? जीभ झडेल माझी! मी आपला फोन ठेवून दिला."

"अहो, नुसता शब्द आहे तो!" केतकी फणकारली. "सभेत माझा फळा मोडणार आहेत. जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं! येते मी."

आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"बघ," काकू म्हणाल्या. "तू तरी 'जाते' म्हणालीस का?"

परतताना होडीत केतकी हळूच म्हणाली, "आबा, पण काकूंनी फोन ठेवला होता ना? मग तार का अडली?"

"त्यांनी ठेवला. आपल्या बाजूने कोणी ठेवला? तुझा प्रोग्रॅम त्या एका शब्दाची वाट बघत ताटकळत बसला. आता सांग, मोडेम (अक्षरांची शिट्टी आणि शिट्टीची पुन्हा अक्षरं करणारी डबी) काय करतो?"

"पलीकडचा मोडेम सतत शिट्टी वाजवत असतो. तो वाहक स्वर (तार जोडलेली असल्याची खूण). अक्षरं त्याच्यावरूनच येतात." केतकी ताडकन उठली, होडी हेलकावली. "म्हणजे फोन ठेवला की शिट्टी बंद! मग प्रोग्रॅमने शब्दावर का अडायचं? शिट्टी ऐकायची!"

"लगेच नाही हं तोडायचं. तार कधी क्षणभर खरखरते."

"थोडं थांबायचं. तरी शिट्टी नाही, तर फोन ठेवायचा. माणूस चिडून गेला, वीज गेली, काहीही होवो!"

घरी पोचताच तिने प्रोग्रॅम बदलला. 'जातो' पुसून तिथे 'येतो' आणि 'येते' घातलं.

संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर भरलेल्या सभेत ती ताठ मानेने उभी राहिली. "चूक लोकांची नव्हती, माझी होती," ती म्हणाली आणि तिने फळा चालू केला. लगेच घंटी वाजली. पडद्यावर अक्षरं उमटू लागली:

"आई, केव्हाचा फोन लावतोय, सारखा एंगेज! बोट बंदराला लागली. मी सुखरूप आहे. उद्या घरी पोचेन. येतो. नंदू."

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्यांच्याच लेकाची वाट त्यांच्याच फोनने अडवली होती. फळा मोडायचं नाव मग कोणी काढलंच नाही.

"आबा," केतकी म्हणाली, "उद्या चंद्रावरच्या वस्तीसाठी फळा करायचा झाला, तर आधी तिथली माणसं निरोप कसा घेतात ते विचारेन."

तेवढ्यात नंदूच्या 'येतो'खाली फळ्याने तिचं नवं उत्तर उमटवलं, "या, वाट बघतो," आणि फोन ठेवला.