दहा पंप आणि एक भुयारी गाडी

विहिरीवरची मोटर नुसती घूं-घूं करत होती. मी तिला लाथ घातली.

"तिची काही चूक नाही हो," कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला.

शेजारच्या अनुसूयाकाकूंचा पुतण्या, देवव्रत. मुंबईत भुयारी मेट्रोच्या वीजपुरवठ्याचं काम बघतो, चार दिवस श्रीवर्धनला आलाय, एवढं गावाला माहीत होतं. डोळे इतके शांत आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मग चूक तुमची! आमची वीज तुम्हीच खाता. जमिनीखालच्या गाडीला एवढी लागते तरी कशाला?"

मी थट्टा करत नव्हते. बाबांनी सांगून टाकलं होतं : पोफळीची दोनशे रोपं या वैशाखात जळाली, तर वाडी रिसॉर्टवाल्याला द्यायची. रोपं मी वाढवलेली. पानं पिवळी पडत होती.

तो गडग्यावर बसला. "पूर्वी डबे ओढले की झालं. आता डब्यांत एसी, स्टेशनात एसी, लिफ्ट, सरकते जिने. बोगद्यातली गरम हवा बाहेर फेकायला राक्षसी पंखे. शिवाय दर तीन मिनिटांनी गाडी, भरलेली, झटकन वेग घेणारी. उभी गाडी वेग घेते ना, तेव्हा सगळ्यात जास्त वीज ओढते."

"लाडावलीय तुमची गाडी."

"मोटरसुद्धा सुरू होतानाच जास्त ओढते. जरा... समजून घ्या."

"मोटरला, की तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं.

"या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंप किती?" त्याने घाईने विचारलं.

"दहा. सगळे ऑटोवर. लाइट आली की आपोआप—" मी थांबले.

"दहाही एकदम उठतात. व्होल्टेज पडतं, एकही धड चालत नाही. आम्ही किती गाड्या एकदम निघतील ते बघून तेवढी वीज आधीच मागून ठेवतो. इथे तेवढी नाही. पाळी लावा."

माझं डोकंच फिरलं. प्रत्येकाला आधी पाणी हवं, म्हणून दहाही वाड्या कोरड्या! तशीच घरोघर गेले, ऑटो काढा म्हणून सांगत. तो मागे.

टोकाच्या वाडीतले नामाकाका अडून बसले. "ऑटो काढला तं लाइट आल्याचं कलंल कसा? म्हातारा हाय मी."

"हाक मारीन."

"न्हाय काढला तं?"

"मी काढीन."

त्यांनी काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. पहिला पंप नामाकाकांचा. मग दुसरा, तिसरा... चौथा आमचा. माझं बोट बटणापाशी अडलं.

"नाही चालली तर?"

देवव्रत नुसता शेजारी उभा राहिला. खोटा धीर दिला असता, तर तिथेच हाकलला असता.

बटण दाबलं. मोटर क्षणभर कण्हली—आणि सुटली! पाटात पाणी धावलं. मी मटकन खाली बसले, रडले, लाज वाटली नाही. बाबा पहिल्या रोपाच्या आळ्यापाशी वाकून ओली माती चाचपत राहिले. मग म्हणाले, "रिसॉर्टवाल्याला कळवतो. वाडी द्यायची नाही." आणि पाटाकडेने निघून गेले.

"आश्लेषा, दर शनिवारी आलो तर...?"

"कशाला? मोटर चालली."

"मोटरसाठी नाही."

"मग नीट सांगा. आडून बोललेलं मला चालत नाही."

"तुझ्यासाठी," त्याने एका दमात सांगून टाकलं.

छातीतलं महिन्याभराचं ओझं उतरलं होतं. तिथे आता काहीतरी भलतंच धडधडत होतं.

"वाडी सोडून मी मुंबईला येणार नाही. आत्ताच सांगते."

"मी कुठे म्हटलं ये म्हणून?"

मी फावडं त्याच्या हातात कोंबलं. "मग उभा काय राहिलायस? ते आळं फुटतंय बघ!"