मोरीतला चीक

सकाळीच दारावर थाप पडली. उघडलं, तर खालच्या खोलीतला नवा भाडेकरू — पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खराटा.

"तुमच्याकडे आज कुरडया हायेत काय?"

"हाव... काऊन?"

"सारा चीक माह्या मोरीत आला नं!"

मेले मी! भिजवलेल्या गव्हाचा चीक तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, एवढंच काम सांगून आई बाजारात गेली होती. मी पातेलं जरा जास्तच कलंडवलं. अर्धा चीक मोरीत! आईला कळू नये म्हणून वर उकळतं पाणी ओतलं... आणि चीक पाइपातच शिजून बसला.

"थांबा, मी येते," मी म्हटलं.

"लवकर या. मेहकरहून माय येऊन राह्यली, खोली पाहाले. नाही पटली तर म्हणते, घरूनच येणं-जाणं कर."

हा मेहकरला परत जाणार? मला उगाचच वाईट वाटलं. अजून त्याचं नावही ठाऊक नव्हतं!

शंतनु. पाणी उपसता उपसता कळलं. त्यानं पाणी तापत ठेवलेलं पाहून मी ओरडलेच, "गरम नको! अजून घट्ट होईल."

"अनुभव दिसते," तो हसला.

सळीनं जमेल तेवढे गोळे ओढले. मग खाण्याचा सोडा टाकला, वर लिंबं पिळली. फसफस फेस आला. मोरीच्या तोंडावर ओलं फडकं दाबून आम्ही पायरीवर बसलो.

"तुमच्या गालाले चीक लागला."

"कुठे?"

"राहू द्या... चांगला दिसते."

मी मान खाली घातली. तेवढ्यात मोरी गुडगुडली... आणि सगळं पाणी सरसर उतरलं! आनंदाच्या भरात मी त्याचा हातच धरला. सोडवायला दोघांनाही उशीर झाला.

"शंतनु?" दारात त्याची आई, हातात पिशवी. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग बादलीतल्या गोळ्यांकडे. "हा तं गव्हाचा चीक! कोणं सांडला?"

"मी, माय," शंतनु पटकन म्हणाला.

"तू कवापासून कुरडया कराले लागला बे?"

मला राहवेना. "काकू, आई बाजारात गेली अन् मीच सांडला. हे उगाच अंगावर घेऊन राह्यले."

काकूंनी मला एकदा न्याहाळलं. मग पदर खोचला. "उरलेला कुठं हाय? चाल वं पोरी, तुही माय घरी याच्या आत घाटून टाकू."

आई परतली तेव्हा गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया पसरल्या होत्या. नेहमीपेक्षा कमी होत्या, पण रागवायला आईला जागाच उरली नाही. जाताना काकू लेकाला म्हणाल्या, "खोली चांगली हाय. राह्य इथंच."

तो राहिला. दिवाळीला त्याच कुरडया तळून मी ताट खाली नेलं. त्यानं एक मोडली, अर्धी माझ्या हातात ठेवली.

"स्वरदा... पुढच्या उन्हाळ्यात कुरडया आपल्या घरी करू? आपल्या दोघायच्या?"

"चीक सांडला तर?"

"सांड. मोरी मी मोकळी करतो."

माझ्यासाठी बेधडक खोटं बोलणारा हा माणूस मला त्या तुंबलेल्या मोरीनं दिला. घास तोंडात असतानाच मी "हाव" म्हणाले.